मोरपीस उकळून निळा रंग निघत नाही

फेब्रुवारीत मामांच्या मळ्यात गेले होते, पिंपळगाव बसवंतच्या पुढं, काळ्या द्राक्षाचा प्लॉट आहे, जम्बो, आणि तोडणी दोनचार दिवसांवर आलेली. मी सवयीनं घडाला हात घातला तर मामा लांबूनच ओरडले, "ए पोरी, देठाला धर, मण्याला बोट लावू नको, पावडर जाते त्याची!" लहानपणापासून हे वाक्य ऐकतेय, पावडर गेली की माल शिळा दिसतो आणि व्यापारी भाव पाडतो हेही पाठ आहे, पण यावेळी मी त्या मण्याकडं बघतच राहिले. बोट लागलं होतं तेवढीच जागा काळीकुळकुळीत आणि चकचकीत झालेली, बाकी सगळा मणी निळसर, धुरकट, सकाळच्या डोंगरासारखा. म्हणजे निळेपणा माझ्या बोटानं पुसला गेला होता, पण बोटाला निळं काहीच लागलेलं नव्हतं. बोटावर नुसता मेणासारखा बुळबुळीतपणा.

मग निळा गेला कुठं?

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते त्यामुळं हा प्रश्न असा सोडून देववत नाही मला. आणि योगायोग असा की याचं उत्तर देणारा एक पेपर मी आधी वाचलेला होता पण तेव्हा द्राक्ष डोक्यातच आलं नव्हतं. 2024 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या रॉक्स मिडलटन आणि त्यांच्या टीमनं ब्ल्यूबेरी, प्लम, ज्युनिपर असल्या फळांवर काम छापलं. ब्ल्यूबेरीच्या सालीत निळा रंग नसतोच! साल असते गडद लाल-जांभळी, आणि तिच्यावर मेणाचा अगदी पातळ थर असतो, साधारण दोन मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तीसचाळीसावा हिस्सा. त्या मेणाचे बारीक बारीक स्फटिक वेडेवाकडे पडलेले असतात आणि त्यांचा आकार असा असतो की ते निळा आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाश परत फेकतात. बाकीचा प्रकाश आत जातो, त्याला खालचा गडद रंग खाऊन टाकतो. मागं काळा फळा असल्यावर खडूची पुसट रेघही उठून दिसते तसंच काहीसं, खाली गडद आहे म्हणून वरचा पुसट निळा दिसतो. पक्ष्यांना अल्ट्राव्हायोलेट दिसतं त्यामुळं त्यांना तर ते फळ आपल्यापेक्षा जास्त उजळ दिसत असणार.

आपल्या द्राक्षावरची पावडर पण मेणच आहे, त्यात मुख्य असतं ओलिॲनोलिक ॲसिड. मी मामांना म्हणलं, मामा ही पावडर नाहीच हो, हे मेण आहे आणि हा रंग पण रंग नाहीये, तर ते म्हणाले "असंल, पण तू बोट नको लावू."

आता हे नीट कळायला आपल्या नाशिकचीच एक गोष्ट घेते. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात, पेशव्यांच्या काळापासूनच्या जमिनीतल्या त्या टाक्या, शनि चौकात गुलाबी, दिल्ली दरवाज्याला केशरी, तिवंध्याला पिवळा. फुलं उकळून रंग काढतात, तो रहाडीत ओततात आणि पोरं धप्पा मारतात, म्हणजे त्यात धपकन उडी घेतात, दोन दोन दिवस अंगावरचा रंग जात नाही. इथं रंग म्हणजे एक पदार्थ आहे. फुलात होता, पाण्यात उतरला, पाण्यातून अंगाला लागला. रेणू प्रकाशातला काही भाग शोषतो आणि उरलेला आपल्याला दिसतो, आणि रेणू कुठंही नेला तरी तो हेच करणार. हळद तळहातावर पण पिवळीच आणि डाळीत पण पिवळीच.

पण समजा कुणी ठरवलं की एक रहाड मोरपंखी रंगाची करायची. ढीगभर मोरपिसं गोळा केली आणि रात्रभर उकळली. काय निघेल? फार तर मळकट तपकिरी पाणी. मोरपीस कुटलं, वाटलं तरी निळी भुकटी होणार नाही, तपकिरीच होणार. कारण त्या पिसात निळा पदार्थच नाही, हिरवा पण नाही. आहे ते मेलॅनिन, आपल्या केसात असतं तेच काळं-तपकिरी द्रव्य, आणि केराटिन, जे आपल्या नखात असतं. केस आणि नखांच्या सामानातून निसर्गानं मोर केलाय. मला हे वाक्य दरवर्षी वर्गात म्हणताना अंगावर काटा येतो, खरंच.

2003 मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या लोकांनी मोरपिसाचे बारीक तंतू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून मोजमाप दिलं. मेलॅनिनच्या बारीक काड्या एका जाळीत रचलेल्या असतात, आणि दोन काड्यांमधलं अंतर निळ्या भागात साधारण 140 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), हिरव्यात 150 आणि पिवळ्यात 165 च्या आसपास. बघा म्हणजे, दहावीस नॅनोमीटरचा फरक! सामान तेच, फक्त काड्या जरा लांब लांब ठेवल्या की निळ्याचा हिरवा होतो. वर्गात मी जुनी सीडी घेऊन जाते, तिच्यावरच्या रेघांमधलं अंतर 1600 नॅनोमीटर असतं, ती खिडकीशी धरली की भिंतीवर इंद्रधनुष्य पडतं, मग पोरांना विचारते यात रंग कुणी भरला? सगळे गप्प बसतात आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, मॅडम, रेघांनी. तो क्षण मला फार आवडतो.

खरंतर ही शंका फार जुनी आहे. रॉबर्ट हुकनं 1665 साली मोरपीस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं होतं आणि लिहून ठेवलं की पाण्यानं भिजवलं की रंग जातो, म्हणजे हा साधा रंग नव्हे. न्यूटननं 1704 च्या प्रकाशावरच्या ग्रंथात मोराच्या पिसाऱ्याचा रंग साबणाच्या फुग्यासारख्या पातळ थरांमुळं असणार असा अंदाज केला. आणि आपले सी. व्ही. रामन, नोबेल मिळाल्यावर चारच वर्षांनी म्हणजे 1934 ला, नीलपंखाची पिसं घेऊन बसले होते, पक्ष्यांच्या पिसांचे रंग येतात कुठून यावर त्यांनी पेपर लिहिला. नीलपंख म्हणजे आपल्याकडं हिवाळ्यात विजेच्या तारेवर बसलेला दिसतो तोच, बसला की मातकट आणि उडाला की एकदम निळाजर्द. नांदूर मध्यमेश्वरला जाताना मला हमखास एकदोन दिसतात. जगभर फिरलेला नोबेलवाला माणूस, आणि शेताच्या बांधावरच्या पक्ष्याकडं त्याच कुतूहलानं बघतोय, हे मला फार मोठं वाटतं.

हुकचं मी घरी करून बघितलं. देवघरात बाळकृष्णापाशी ठेवलेलं पीस होतं, आईला विचारून घेतलं. पिसाला पाणी लवकर धरत नाही म्हणून बराच वेळ बुडवून ठेवलं, तर डोळ्यातला निळा हळूहळू मळकट, मंद होत गेला. पंख्याखाली वाळवल्यावर परत आला! आई म्हणाली आता ठेव परत जागेवर, देवाचं आहे.

आता नवं काय चाललंय ते सांगते कारण मूळ सांगायचं ते तेच आहे. 1987 ला एली याब्लोनोविच आणि भारतीय वंशाचे सजीव जॉन या दोघांनी, एकमेकांशी काही संबंध नसताना, एकाच वर्षी अशी कल्पना मांडली की पदार्थात प्रकाशाच्या तरंगलांबीच्या (म्हणजे प्रकाशाच्या लाटेची लांबी, तिच्यावरच रंग ठरतो) मापाची नियमित रचना केली तर ठरावीक प्रकाशाला त्यात शिरताच येणार नाही. याला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. गंमत ही की माणसानं कागदावर गणित मांडलं तेव्हा मोर ते कित्येक लाख वर्षं अंगावर घेऊन नाचत होता. तेव्हापासून हे तीन विषय, पदार्थविज्ञान, प्रकाश आणि जीवशास्त्र, एकमेकांत इतके मिसळलेत की आता कुठला पेपर कुठल्या कपाटात ठेवायचा कळत नाही, आणि आम्ही मात्र पोरांना अकरावीतच विचारतो, बायो ठेवणार का मॅथ्स. हे मला मनापासून खटकतं. मोराचं पीस कुठल्या ग्रुपला येतं?

2015 चं जिनिव्हा विद्यापीठाचं काम घ्या. शॅमेलिऑन सरडा रंग कसा बदलतो? सगळ्यांना वाटायचं की कातडीतलं रंगद्रव्य पसरतं नाहीतर गोळा होतं. या लोकांनी दाखवलं की त्याच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिनचे नॅनो स्फटिक जाळीत मांडलेले असतात, ग्वानिन म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी, तेच. सरडा शांत असताना स्फटिक जवळ जवळ असतात आणि तो हिरवा दिसतो, दुसरा नर समोर आला, चिडला, की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि तो पिवळा-केशरी होतो. म्हणजे राग आला की अंतर वाढतं. पोरांना हे एकदा सांगितलं की परीक्षेत कुणीच विसरत नाही.

आणि 2025 च्या जुलैमधली बातमी वाचून तर मी रात्री साडेअकराला भावाला फोन केला होता. अमेरिकेतल्या फ्लोरिडा पॉलिटेक्निक आणि यंगस्टाउन स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी मोरपिसातून लेझर काढला. रोडामिन 6जी नावाचा एक रंग असतो, त्याच्या द्रावणात पीस भिजवायचं, वाळवायचं, परत भिजवायचं, परत वाळवायचं, असं बरेचदा केलं, आणि मग त्यावर बाहेरून लेझरचा झोत मारला तर पिसातूनच लेझर प्रकाश यायला लागला, दोन ठरावीक तरंगलांबींचा, 574 आणि 583 नॅनोमीटर. यात मला जास्त भावलं ते पुढचं. पिसाच्या डोळ्यातल्या वेगवेगळ्या रंगाच्या भागांतून सारख्याच दोन तरंगलांबी आल्या. जर रंग देणारी जाळीच लेझर करत असती तर निळ्या भागाचं वेगळं आणि पिवळ्याचं वेगळं यायला हवं होतं. म्हणजे पिसात अजून कुठलीतरी बारीक, सगळीकडं सारखी असणारी रचना लपलेली आहे. हुकपासून साडेतीनशे वर्षं ज्या पिसाकडं लोक बघतायत त्यात अजून काहीतरी शिल्लक आहे!

पण मला सगळ्यात जास्त ओढ कशाची आहे तर हे सगळं जीव बनवतात कसं याची. नॅनोमीटरची कामं माणसाला करायची म्हणजे स्वच्छ खोल्या, करोडोंची मशीनं, पांढरे डगले. पक्षी काय करतो? अंड्यातून बाहेर आला, दाणे-किडे खाल्ले, पीस आलं, झालं निळं. काही निळ्या पक्ष्यांच्या पिसात जाळी नसते, स्पंजासारखं असतं, केराटिन आणि हवेच्या पोकळ्या एकमेकांत गुंतलेल्या. पेशीत प्रोटीन पाण्यापासून वेगळं होत जातं आणि एका ठरावीक मापाला येऊन थांबतं, असं त्याबद्दल मानतात. मी हे तुपावरून समजून घेते. कढवलेलं तूप हळू निवू दिलं की छान रवाळ होतं, घाईनं फ्रीजमध्ये घातलं की नुसता गोळा. तूप तेच असतं, दाणा किती मोठा होणार हे निवण्यावर ठरतं, आणि आतमध्ये जाऊन एकेक कण कुणी ठेवत नाही.

झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात कार्ला फर्नांडिस-रिको यांच्या टीमनं 2023 मध्ये जवळपास हेच केलं. सिलिकॉन रबर तेलासारख्या द्रावणात ठेवून 60 अंशाला काही दिवस ओव्हनमध्ये ठेवलं, रबर ते द्रावण पिऊन फुगलं, मग थंड केलं. थंड होताना आतलं तेल वेगळं व्हायला लागलं पण रबराच्या ताणामुळं त्याला हवं तेवढं मोठं होता येईना, त्यामुळं सगळीकडं एकाच मापाचे पन्हाळ तयार झाले, निळ्या पक्ष्याच्या पिसात असतात तसे. ओव्हन आणि धीर, बास. हा पेपर वाचताना मला आमच्या घरची तुपाची कढई आठवत होती.

झाडं पण मागं नाहीत. आफ्रिकेत पोलिया नावाचं एक रोप आहे, त्याची फळं धातूसारखी निळी चमकतात, 2012 ला केंब्रिजच्या सिल्विया विन्योलिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो निळा सेल्युलोजच्या पिळाच्या थरांमधून येतो. सेल्युलोज म्हणजे कापूस, कागद, आपल्या वहीचं पान. संग्रहालयात कित्येक दशकं वाळून पडलेली फळं अजून तशीच चमकतात कारण विटायला तिथं रंगद्रव्यच नाही. मग त्याच ग्रुपनं 2021 मध्ये सेल्युलोजपासून चमकी बनवली, प्लॅस्टिक अजिबात नाही, द्रावण पसरायचं आणि वाळू द्यायचं, वाळताना सेल्युलोजचे कण आपले आपण पिळात बसतात आणि रंग दिसायला लागतो. युरोपियन युनियननं 2023 च्या ऑक्टोबरपासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीवर बंदी घातलीय. मला लगेच आपली गोदावरी आठवते, सणानंतर मखरांच्या, हारांच्या चमक्या पाण्याच्या कडेला साचलेल्या दिसतात, रामकुंडापासून खाली चालत गेलं की उन्हात लुकलुकतात आणि जीव तुटतो. ती चमकी कापसाची असती तर, हा विचार मी तिथं उभं राहून खूपदा केलाय.

फ्लोरिडातच देबाशिस चंदा यांनी 2023 ला ॲल्युमिनियमच्या नॅनो ठिपक्यांपासून फुलपाखराच्या धर्तीवर रंग बनवला. ठिपक्यांचं माप बदललं की रंग बदलतो, आणि त्यांचा हिशोब असा की बोइंग 747 एवढं विमान रंगवायला दीड किलोच्या आत रंग पुरेल, साधा रंग साडेचारशे किलोच्या वर लागतो. भाव काय पडेल, टिकेल किती, ते पुढं कळेल.

आता परत मळ्यात येते. निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की राज्यात सगळ्यात कमी तापमान बरेचदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं असतं, हे पेपरात वाचून सगळ्यांना माहितीय. मामांसाठी ती बातमी नसते, ती धास्ती असते. मणी तडकतात. मग पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या करायच्या, ड्रिपनं बोअरचं कोमट पाणी सोडायचं. मामा म्हणतात आभाळ निरभ्र असलं की जास्त मरण, ढग असले तर वाचतो. हे शंभर टक्के खरं आहे, जमीन आणि पानं रात्री उष्णता बाहेर टाकतात, तोही प्रकाशच, फक्त डोळ्याला न दिसणारा, आणि त्यातला साधारण 8 ते 13 मायक्रॉनचा भाग हवा अडवत नाही, सरळ वर अवकाशात निघून जातो, जणू हवेतली उघडी खिडकीच. ढग असले तर ते अडवतात.

ज्या खिडकीतून निफाडची ऊब निघून जाते त्याच खिडकीचा उपयोग स्टॅनफर्डच्या आस्वथ रामन आणि शानहुई फॅन यांनी 2014 मध्ये उलटा केला. चांदीवर सिलिका आणि हाफ्निया (हाफ्नियम धातूचं ऑक्साइड) यांचे सात पातळ थर दिले, त्यांची जाडी अशी निवडली की ऊन जवळपास सगळं परत फेकलं जाईल आणि उष्णता मात्र त्याच खिडकीतून बाहेर पडत राहील. भर उन्हात ठेवलेला तो तुकडा आजूबाजूच्या हवेपेक्षा जवळजवळ 5 अंशांनी थंड राहिला, वीज न वापरता! आणि पुढच्याच वर्षी कळलं की सहारातली चंदेरी मुंगी अंगावरच्या तिकोनी केसांनी हेच करते, ऊन परत फेकते आणि अंगातली उष्णता बाहेर टाकते. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा नीट माझ्याकडं वळून बसले आणि विचारलं, "मग याच्या उलटं करता येतं का? रात्रीची ऊब अडवणारा कागद?" मी म्हणलं येतं, तत्त्वात येतं, प्लॅस्टिकच्या आच्छादनात असली उष्णता अडवणारी द्रव्यं मिसळतात. त्यावर त्यांनी लगेच एकराचा हिशोब मांडायला घेतला. पिंक बेरी, म्हणजे हिरवे मणी गुलाबट पडणं, होऊ नये म्हणून आधीच घडाघडाला पेपर बांधणारी माणसं आहेत ही, कागदाचं काम त्यांना नवीन नाही.

येताना मामांनी एक पेटी दिली, पावडर न पुसता, देठाला धरून, स्वतः भरलेली. त्यातला एक घड मी कॉलेजला नेला. ब्रिस्टलच्या लोकांनी फळावरचं मेण काढून प्रयोगशाळेत परत स्फटिक होऊ दिलं होतं आणि तिथं त्यांना पुन्हा निळा मिळाला होता, ते माझ्या डोक्यातून जातच नव्हतं. केमिस्ट्रीच्या मॅडमनी क्लोरोफॉर्ममध्ये मणी काही सेकंद बुडवून काढले, फ्यूम हूडखाली, पोरांना लांब उभं करून. मणी बाहेर आला तो काळाभोर, आणि खाली उरलं ते पाण्यासारखं स्वच्छ द्रावण, निळ्याचा मागमूस नाही. ते आम्ही काळ्या कार्डपेपरवर थेंब थेंब टाकलं.

पहिल्यांदा पांढरा डाग आला. दुसऱ्या दिवशी द्रावण पातळ करून टाकलं तर कडेला पांढरं आणि मध्ये काहीच नाही. बारावीची एक मुलगी डाग खिडकीशी तिरपा धरून बघत होती, म्हणाली, मॅडम, हे फार भरभर वाळतंय, झाकण ठेवून हळू वाळवू या का. मी काही बोलले नाही, फक्त काचेची बशी शोधायला गेले. घडावर अजून अकरा मणी न पुसलेले शिल्लक आहेत, ते फ्रीजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवलेत आणि डब्यावर चिठ्ठी लावलीय, हात लावू नये.